रिकामं वजन

तीन काटे मासळीबाजारातून आणले,
मोतालेबच्या पिकअपमधून, पहाटेचा लिलाव उरकल्यावर.
दोनदा धुतले, तरी कनद माशाचा वास हँगरभर.
हँगर कसलं, खाडीकाठची जुनी बोटशेड,
उम्म अल क्वैनच्या शेवटच्या गोलचक्करापलीकडे.
दारावर मंडळाचं नाव,
निम्मी अक्षरं वाळूने खाल्लेली.

सभासद सहा. हजर पाच.

उबेद, तटरक्षक दलातून निवृत्त, कागदोपत्री मालक.
रोदेल, आठवडाभर हॉटेलांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा,
त्यामुळे वर जाणाऱ्या कशावरच त्याचा पटकन विश्वास बसत नाही.
यानूश, पोलंडचा, चष्मा दोरीला बांधलेला;
चांगल्या कामालाही तो 'चालेल' एवढंच म्हणतो.
उबेदची भाची शम्मा, इंजिनाच्या पुस्तकात बोट घालून.
आणि मी, घोरपडे, इचलकरंजीचा,
एसीच्या डक्टचा पत्रा कापतो.

माझ्या आडनावातला घ
उबेद घशाच्या पार तळातून उपसून काढतो.
अर्थ सांगितला तेव्हा हसला होता:
म्हणजे आमचा धब! बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेला!
म्हटलं, तसंच काहीसं,
पण आमची एकदा धरलं की सोडत नाही.
'मग रिव्हेट तू मार.'

सात वर्षं मारतोय.

चेनपुलीने उचललं, एकेका चाकाखाली काटा सरकवला.
दारं बंद केली, वारा नको म्हणून.
पंखाही बंद. घाम टिपायलाही कुणी हललं नाही.
उजवं चाक एकशे एक्केचाळीस आठशे.
शेपटी वीस.
डावं एकशे बेचाळीस सहाशे,
आणि त्या काट्यावर सकाळचा भाव तसाच राहिलेला,
किलोला बावीस,
म्हणून खाली लाल आकड्यांत:
एकतीसशे सदतीस दिरहम, वीस फिल्स.
'स्वस्त आहे,' रोदेल म्हणाला. कुणी हसलं नाही.

नकाशापेक्षा चार किलो चारशे ग्रॅम जास्त.

यानूशने चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं.
उबेद म्हणाला, रंगाचा तिसरा हात माझा.
रोदेलची वायर, लागते त्याहून जाड.
शम्माने सीटखालचं फडकं काढून दिलं, नव्वद ग्रॅम.
मी म्हटलं, जिथं चार रिव्हेट हवे तिथं मी पाच मारलेत.
डक्ट गळला तर थंड हवा गळते,
माणूस गळत नाही.
इथं मला भीती वाटत होती.

कुंजप्पनबद्दल कुणीच काही बोललं नाही.
पंखांच्या लाकडी फासळ्या त्याच्या.
मार्चमध्ये व्हिसा रद्द झाला, दहा दिवसांत गेला.
जायच्या आदल्या रात्री कापड ताणून बसवलं आम्ही;
आत प्रत्येक फासळीवर त्याचे पेन्सिलीतले मल्याळी आकडे,
आता कुणाला दिसायचे नाहीत.
शिसाचं वजन किती भरत असेल?
काट्याला तेवढं बारीक कळत नाही.

यानूशने वहीत आकडा लिहिला, खाली रेघ ओढली.
'चालेल.'

पुन्हा चेन ओढली. काटे काढून घेतले.
आणि मग कुणी ते खाली सोडेना.
रोदेलने दार ढकललं तशी खाडीवरची हवा आत आली,
शेपटीची पट्टी आपसूक डावीकडे वळली,
पुन्हा सरळ झाली.
जमिनीपासून चार बोटं.
उबेदने टोपी काढून हातात धरली होती.

ते चहाला गेले तेव्हा मी डाव्या काट्यावर चढलो,
चपला काढून.
एकसष्ट किलो. तेराशे बेचाळीस दिरहम.
कंपनी मला साडेतेराशे देते.
एकच सीट आहे, आणि तिच्यावर उबेदचं नाव;
पण तेलाची टाकी धरूनसुद्धा
मी मावतो,
हिशेब मी आधीच करून ठेवलाय.

मोतालेब काटे न्यायला आला, संध्याकाळचा बाजार भरायच्या आत.
विचारलं, एवढा कोणता मासा होता?
शम्मा म्हणाली, जिवंत आहे अजून.
त्याला ते पटलं असावं.
बटण दाबून त्याने भाव पुसला
आणि काटे उचलून गाडीत टाकले.